सुब्रतो कोण होते?

पावसाळा सुरू झाला की कल्याण-डोंबिवलीतल्या शाळांमध्ये एक नाव वारंवार कानावर येतं. ‘सुब्रतोची एंट्री भरली का?’, ‘सतराखालची टीम सुब्रतोला जाणार ना?’ कोपरच्या चाळींतली आणि नव्या इमारतींतली मुलं चिखलाने माखलेले बूट पिशवीत कोंबून सरावाला जातात ती याच नावासाठी. शहराच्या पातळीवर जिंकलं की विभाग, विभागात जिंकलं की राज्य आणि राज्यात जिंकलं की राष्ट्रीय फेरी. पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि सतरा वर्षांखालच्या मुलींसाठी देशातली ही सर्वांत मानाची शालेय फुटबॉल स्पर्धा. नाव सगळ्यांच्या ओठांवर असतं, पण ते कोणाचं, हे मुलांना कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं जुना फुटबॉलपटू असेल, कोणी म्हणतं बंगालचा मंत्री.

ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख होते. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी. 1 एप्रिल 1954 रोजी त्यांनी हवाई दलाची सूत्रं हाती घेतली, तेव्हा वय 43. स्वातंत्र्य मिळून तोवर सहा वर्षं आणि साडेसात महिने उलटले होते. जनरल करिअप्पा जानेवारी 1949 मध्येच लष्कराचे प्रमुख झाले होते. मग हवाई दलाला इतका वेळ का लागला? या प्रश्नाच्या उत्तरात मुखर्जींची अख्खी कारकीर्द आली. ती नीट पाहिली, तर नेतृत्व घडायला काय काय लागतं ते समजतं. आणि या कारकिर्दीला एक मराठी बाजूही आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ‘रॉयल फ्लाइंग कोअर’मध्ये मोजके भारतीय तरुण वैमानिक म्हणून शिरले. शिरले असंच म्हणायला हवं, कारण अधिकारीपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा अशी अट होती. त्या मोजक्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. फ्रान्सच्या आघाडीवर 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ते सॉपविथ डॉल्फिन हे एका आसनाचं लढाऊ विमान चालवत. जून 1918 च्या अखेरीस त्यांचं विमान पाडलं गेलं आणि 30 जूनला जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. सोम नदीच्या परिसरातल्या हांगार गावच्या युद्धस्मशानात ते चिरविश्रांती घेत आहेत. तीनच आठवड्यांनी, 22 जुलैला, इंद्रलाल रॉय हा एकोणीस वर्षांचा बंगाली मुलगा पडला. तेरा दिवसांत दहा विमानं पाडणारा तो पहिला भारतीय ‘एस’. हे रॉय सुब्रतोंच्या नात्यातले. इंद्रलाल रॉयचं नाव टपाल तिकिटावर आलं, दिल्लीतल्या रस्त्याला दिलं गेलं. वेलिणकरांचं नाव मात्र त्यांच्याच मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? मराठी माणसाने हे मनाला लावून घ्यायला हवं.

या वीरांनी भारतीय माणूस विमान उडवू शकतो हे सिद्ध केलं. लढूही शकतो, मरूही शकतो, हेही सिद्ध झालं. पण हुकूम देऊ शकतो का, स्क्वाड्रन चालवू शकतो का, हे ब्रिटिश सरकारला मान्य नव्हतं. 1925 मध्ये नेमलेल्या स्कीन समितीपुढे हाच वाद झाला. मोतीलाल नेहरू आणि जीना हे दोघेही त्या समितीचे सदस्य होते. भारतीयांना सैन्यात अधिकारीपदं आणि हवाई दलाचं शिक्षण मिळावं या मागणीने तिथूनच जोर धरला. त्यातून 1930 मध्ये सहा तरुण इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात रवाना झाले.

सुब्रतो त्यांतले एक. जन्म कलकत्त्याचा, 5 मार्च 1911 चा. वडील सतीशचंद्र मुखर्जी आयसीएस अधिकारी, आई चारुलता समाजकार्यात, थोरली बहीण रेणुका रे पुढे स्वातंत्र्यलढ्यातून खासदार आणि मंत्री झाली. ब्राह्मो वळणाचं घर. शिक्षण आणि सार्वजनिक काम हा त्या घराचा रिवाज. अशा घरातला मुलगा कापडाच्या पंखांची विमानं चालवायला निघाला, हे त्या काळात सोपं नसणार.

8 ऑक्टोबर 1932 रोजी भारतीय हवाई दलाचा कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी या तरुणांना कमिशन मिळालं. दरवर्षी 8 ऑक्टोबरला आपण हवाई दल दिन साजरा करतो तो याच तारखेमुळे. 1 एप्रिल 1933 ला कराचीजवळच्या ड्रिघ रोडवर पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. विमानं चार. वैमानिक पाच: सरकार, मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अवान आणि अमरजित सिंग. सहावे टंडन जमिनीवरच्या कामात गेले. सोबत वीसेक ‘हवाई शिपाई’, म्हणजे इंजिनं खोलणारे, कापड शिवणारे, मशीनगन भरणारे मेकॅनिक.

विमान होतं वापिटी. दुपंखी, दोन उघड्या जागा, पुढे वैमानिक आणि मागे मशीनगन घेऊन दुसरा माणूस. काम ‘लष्कराला साहाय्य’. म्हणजे वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत पायदळाच्या पुढे उडत जाऊन टोळीवाले कुठे दबा धरून बसलेत ते पाहायचं आणि खाली कळवायचं. रेडिओ बेभरवशाचा. जमिनीवरचे सैनिक पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ठरलेल्या आकारात मांडत आणि वैमानिक वरून त्या वाचत असे. वर निरोप पाठवायचा तर दोन खांबांमध्ये दोरी ताणून तिला चिठ्ठीची पिशवी बांधत. वापिटी खाली झेप घेई आणि पोटाखालच्या आकड्याने ती पिशवी उचलून नेई. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, दोन्ही बाजूंना डोंगर. हे पुन्हा पुन्हा करायचं. ही कसरत पुढे कोणत्याही पदकाच्या यादीत आली नाही, पण या दलाची घडण यातूनच झाली.

त्या घडणीची किंमत लगेच द्यावी लागली. सहा महिनेही झाले नव्हते, तोच 4 सप्टेंबर 1933 रोजी भूपेंद्र सिंग आणि अमरजित सिंग विमान कोसळून गेले. पुढे एका भीषण अपघातानंतर सरकार यांनाही दल सोडावं लागलं. पाचांपैकी तीन गेले. ‘भारतीयांना हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना पुरेसं निमित्त मिळालं होतं. त्या दिवसांत सुब्रतोंनी केलं ते असं: रोज उडणं, रोज नोंदी ठेवणं, नव्या पोरांना शिकवणं. 1937 मध्ये मिरानशाहहून वझिरिस्तानच्या मोहिमेत हे स्क्वाड्रन उतरलं, तेव्हा ते तगणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्या मोहिमांतली एक हकिगत हवाई दलात अजून सांगितली जाते. डोंगरातली एक चौकी टोळीवाल्यांनी वेढली होती. सुब्रतो वरून घिरट्या घालत होते. खालच्यांच्या खुणांवरून कळलं की गोळ्या संपत आल्या आहेत. तळावर परत जाऊन गोळ्या आणायला वेळ नव्हता. त्यांनी आपल्या गनरला विमानाच्या मशीनगनमधल्याच गोळ्या काढायला सांगितल्या. त्या पायमोज्यांत भरल्या, विमान अगदी खाली आणलं आणि मोजे चौकीवर टाकले. चौकी टिकली. मला या हकिगतीत शौर्याहूनही जास्त दिसतो तो पक्का विचार. विमान कशासाठी आहे, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. खालचा शिपाई जगला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

16 मार्च 1939 रोजी सुब्रतो मुखर्जी पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचं नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, आणि इथे ती मराठी बाजू येते. पत्नी शारदा, माहेरची पंडित. हे घराणं मूळचं कोकणातलं, तेव्हाच्या रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या बांबुळीचं. वकिलीच्या निमित्ताने राजकोटला स्थायिक झालेलं. ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर करणारे रणजित पंडित, म्हणजे विजयालक्ष्मी पंडितांचे पती, हे शारदाबाईंचे काका. लष्करी बायकांच्या वाट्याला येतं तेच त्यांच्याही वाट्याला आलं: आज कोहाट, उद्या दिल्ली, आणि रोज संध्याकाळी विमान परतलं की नाही याची वाट पाहणं.

महायुद्ध पेटलं आणि एका स्क्वाड्रनचं दल नऊ स्क्वाड्रनांचं झालं. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता अशा बंदरांत किनारा सांभाळणाऱ्या तुकड्या उभ्या राहिल्या. नागरी विमानं उडवणारे तरुण गणवेश चढवून त्यांत दाखल झाले. 1943 मध्ये सुब्रतो कोहाटच्या हवाई तळाचे प्रमुख झाले. असा तळ सांभाळणारेही ते पहिले भारतीय. युद्धाच्या अखेरीस त्यांना ‘ओबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

याच युद्धाने आपल्या परिसरावरही खूण सोडली. कोपरहून डोंबिवली ओलांडून मलंगगडाच्या वाटेला लागलं की नेवाळी येतं. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर ब्रिटिशांनी नेवाळी आणि आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी घेतली. शेतकऱ्यांना वाटलं होतं, युद्ध संपलं की जमीन परत येईल. ती आली नाही. युद्धानंतर धावपट्टी ओस पडली, लोक तिथे पुन्हा भात लावू लागले, कागदावर मात्र मालकी संरक्षण खात्याचीच राहिली. जून 2017 मध्ये नौदलाने कुंपणाचं काम सुरू केलं तेव्हा संतापाचा भडका उडाला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, माणसं जखमी झाली. हवाई दलाच्या इतिहासात वैमानिकांची नावं येतात. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर धावपट्ट्या झाल्या त्यांची येत नाहीत. देशाच्या संरक्षणाला जमीन लागते हे मान्य. पण ज्याने ती दिली त्याचा हिशेब तीन पिढ्यांनंतरही पुरा होत नसेल, तर तो अन्याय आहे, आणि हवाई दलाबद्दल आदर असणाऱ्यांनी तर तो आधी बोलून दाखवला पाहिजे.

आता स्वातंत्र्याकडे. ऑगस्ट 1947 मध्ये सुब्रतो एअर कमोडोर होते, वय 36, नोकरी पंधरा वर्षांची. तेच सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्या मागचे बहुतेक अधिकारी युद्धात भरती झालेले, पाच-सहा वर्षांच्या अनुभवाचे. फाळणीत विमानं वाटली गेली, माणसं वाटली गेली. पहिल्या पाचांतले अवान पाकिस्तानला गेले. ड्रिघ रोड, कोहाट, मिरानशाह, ज्या तळांवर हे दल वाढलं ते सगळे सीमेपलीकडे राहिले. अशा वेळी पहिल्याच दिवशी भारतीय प्रमुख हवा, असा आग्रह धरणं सोपं होतं, लोकांनाही ते आवडलं असतं. सरकारने तसं केलं नाही. एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन ब्रिटिश प्रमुख एकामागून एक झाले. मुखर्जी या काळात त्यांच्या हाताखाली वरिष्ठ पदांवर काम करत राहिले आणि मध्ये लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजात शिकूनही आले.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, आणि मुखर्जींनी ती वाट न कुरकुरता चालणं हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा गुण. विमान चालवणं वेगळं आणि दल चालवणं वेगळं. सुटे भाग कुठून आणायचे, वैमानिक दरवर्षी किती घडवायचे, अपघाताची चौकशी कशी करायची, अर्थखात्याशी कसं भांडायचं, लष्कराच्या सावलीतून स्वतंत्र कसं राहायचं. हे उड्डाणाच्या वहीत लिहिलेलं नसतं. पायलटच्या आसनावर बसलेला माणूस टेबलाशी बसायला शिकला ती ही सहा-सात वर्षं.

आणि ही वर्षं शांततेची नव्हती. 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी डकोटा विमानांनी शीख पलटणीचे पहिले जवान श्रीनगरच्या धुळकट धावपट्टीवर उतरवले, आणि पुढचं वर्षभर काश्मीरची लढाई बरीचशी हवेतून तगवली गेली. पूँछला शिधा आणि तोफा विमानाने गेल्या. मे 1948 मध्ये मेहर सिंग यांनी हिमशिखरांवरून नकाशात नसलेल्या वाटेने लेहला डकोटा नेऊन उतरवलं. या मोहिमेत विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर हे मुंबईचे मराठी वैमानिक हवाई विंगचं नेतृत्व करत होते. त्यांना महावीरचक्र मिळालं.

मुळगावकरांवर इथे थोडं थांबायला हवं. जन्म 14 ऑगस्ट 1920, मुंबईचा. सुब्रतोंच्या तुकडीने ड्रिघ रोडवर पहिलं उड्डाण केलं तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. नोव्हेंबर 1940 मध्ये तो हवाई दलात दाखल झाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढला. म्हणजे सुब्रतोंनी ज्यांच्यासाठी वाट मोकळी केली त्या पिढीचे हे पहिल्या फळीतले अधिकारी. 1 फेब्रुवारी 1976 रोजी ते हवाई दलप्रमुख झाले, या पदावरचे पहिले मराठी. ऑगस्ट 1978 अखेर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आले ते इद्रिस लतीफ, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. मुळगावकर दीर्घायुषी, 9 एप्रिल 2015 ला वयाच्या 95 व्या वर्षी गेले. ‘लीडिंग फ्रॉम द कॉकपिट’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक. पुस्तकाच्या नावातच त्या पिढीची रीत आहे: हुकूम देणाऱ्याने आधी स्वतः उडायचं. त्यांच्यानंतर अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी असे मराठी अधिकारी त्या खुर्चीवर बसले.

परत 1954 कडे. मुखर्जी प्रमुख झाले तेव्हा हवाई दल पंख्याच्या विमानांतून जेटमध्ये शिरत होतं. व्हॅम्पायर आणि तूफानी आलेली होती. त्यांच्या साडेसहा वर्षांत कॅनबेरा बॉम्बर आले, हंटर आले, मिस्टेअर आले, नॅट आले, मालवाहू पॅकेट आले. जर्मन अभियंते कुर्ट टँक 1956 मध्ये बंगळुरूला येऊन ‘मारुत’ या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाच्या कामाला लागले. इतकी वेगवेगळी विमानं एकाच वेळी पचवायची म्हणजे प्रत्येकाचे वैमानिक, प्रत्येकाचे मेकॅनिक, प्रत्येकाची अवजारं आणि पुस्तकं वेगळी. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण 1965 च्या युद्धात अर्जन सिंग यांच्या हाताखाली जी विमानं लढली त्यांतली बहुतेक, म्हणजे नॅट, हंटर, मिस्टेअर आणि कॅनबेरा, मुखर्जींच्याच काळात दलात आलेली होती. सेनापतीचं काम त्याच्यानंतर पाच वर्षांनी तपासावं. या कसोटीवर मुखर्जी पूर्ण उतरतात.

8 नोव्हेंबर 1960. एअर इंडियाच्या विमानाने मुखर्जी जपानला, टोकियोला गेले होते. रात्री एका मित्रासोबत जेवताना घास श्वासनलिकेत अडकला. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकोणपन्नास. सरहद्दीवरच्या गोळ्यांतून, वापिटीच्या अपघातांतून, महायुद्धातून जो वाचला, त्याला मृत्यूने जेवणाच्या टेबलाशी गाठलं. डिसेंबरमध्ये अ‍ॅस्पी इंजिनिअर प्रमुख झाले.

शारदाबाई तेव्हा चाळीस-एक वर्षांच्या. सव्वा वर्षातच, 1962 च्या निवडणुकीत, त्या रत्नागिरीतून काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. शेजारच्या राजापूरमधून बॅरिस्टर नाथ पै निवडून आलेले, इथून शारदा मुखर्जी. आडनाव बंगाली, मुलूख माहेरचा. 1967 मध्ये रत्नागिरीने त्यांना पुन्हा पाठवलं. पुढे त्या आंध्र प्रदेशच्या आणि नंतर 1978 ते 1983 गुजरातच्या राज्यपाल झाल्या. 2007 मध्ये त्या गेल्या. कोकणाने नाथ पैंवर प्रेम केलं, ते योग्यच. पण हवाई दलाच्या पहिल्या भारतीय प्रमुखाच्या पत्नीलाही कोकणाने दोनदा संसदेत पाठवलं, हे आज रत्नागिरीतही फारसं कोणाला आठवत नाही.

सुब्रतोंना फुटबॉलचं वेड होतं. शाळेच्या वयातच खेळाडू हेरले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. त्यातून 1960 मध्ये शालेय स्पर्धा सुरू झाली, आणि ती आजही हवाई दलाच्याच देखरेखीखाली चालते. या माणसाचा पुतळा किती गावांत आहे मला ठाऊक नाही. पण हजारो मुलं दरवर्षी त्याच्या नावाने धावतात, आणि ज्याने आयुष्यभर पोरांना शिकवून दल उभं केलं त्याला हे स्मारक शोभतं.

वेलिणकर, मुळगावकर, शारदाबाई यांच्याविषयी मराठीत सलग वाचायला फार थोडं आहे. नेवाळीची धावपट्टी झाली तेव्हाचं पाहिलेले लोक आता मोजकेच उरले असतील. म्हणून वाचकांना एक विनंती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथच्या जुन्या घरांत कोणाचे आजोबा, पणजोबा महायुद्धात किंवा त्यानंतर हवाई दलात वैमानिक, मेकॅनिक, कारकून, कोणीही असतील, त्यांची उड्डाणवही, बदलीचे हुकूम, पत्रं, गटाचे फोटो ट्रंकेत पडून असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोंच्या मागे नावं लिहा, कागद स्कॅन करून गावच्या वाचनालयात एक प्रत द्या. नेवाळी, भाल, द्वारलीकडे ज्यांचे आजी-आजोबा अजून बोलते आहेत, त्यांनी जमीन कशी गेली ते फोनवर का होईना, या दिवाळीच्या सुट्टीतच रेकॉर्ड करून घ्या.